कितीपैकी किती?

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते. राजापूरजवळची, कनकादित्याच्या देवळाची कशेळी वेगळी. ही भिवंडी तालुक्यातली. एका अंगाला उल्हास नदीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला काल्हेर, पूर्णा, अंजूरफाट्यापर्यंत पसरत गेलेली गोदामं. मेट्रो ५ चे खांब, खाली कंटेनरची रांग, रांगेत अडकलेल्या रिक्षा आणि रिक्षात दहावीच्या क्लासला निघालेली मुलं. त्यांच्या दप्तरात बालभारतीचं गणित भाग १ असतं. त्यातलं पाचवं प्रकरण संभाव्यता, सहावं सांख्यिकी. या दोन प्रकरणांविषयी मुलांची मतं टोकाची असतात. काही म्हणतात, सोपं आहे, फुकटचे गुण. काही म्हणतात, उत्तर बरोबर येतं पण का आलं ते कळत नाही. दुसरं मत जास्त प्रामाणिक आहे.

पुस्तकात नाणी, फासे, पत्ते आणि पिशवीतले रंगीत चेंडू असतात. कशेळीच्या रस्त्यावर खोकी, ताके, ट्रक आणि पलीकडे भिवंडीत खडखडणारे यंत्रमाग. गणित दोन्हीकडे एकच, आणि चूकही एकच. ती सहसा अंशात होत नाही, छेदात होते. ‘किती’ हे मुलं नीट मोजतात. ‘कितीपैकी’ हे विचारायचं राहून जातं. पुस्तकाने त्याला ‘नमुना अवकाश’ असं भारदस्त नाव दिलं आहे आणि मुलं तो महिरपी कंसात लिहून मोकळी होतात, जणू पत्रिकेवरचा ‘श्री’च. खरं तर गणिताचा निम्म्याहून जास्त भाग तिथेच सुटतो किंवा तिथेच फसतो.

अगदी साधं उदाहरण घेऊ. दोन नाणी एकाच वेळी फेकली, तर दोन्हींवर छापा येण्याची संभाव्यता किती? हे प्रकरण न शिकलेल्या कुणालाही विचारा, बऱ्याचदा उत्तर एक-तृतीयांश मिळेल. कारणही सरळ वाटतं. दोन छापे, एक छापा, एकही छापा नाही अशा तीन शक्यता, त्यातली एक आपली. उत्तर चुकीचं आहे, पण देणाऱ्याने खजील व्हायचं कारण नाही. ज्याँ दालांबेर या नामांकित फ्रेंच गणितीने याच जातीची चूक १७५४ साली थेट विश्वकोशातल्या नोंदीत छापली. त्याचा प्रश्न जरा वेगळा होता. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती? तो म्हणाला, पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला. नाही तर काटा-छापा किंवा काटा-काटा. म्हणजे तीनपैकी दोन. खरं उत्तर चारपैकी तीन. त्याने मोजलेल्या तीन निष्पत्ती एका वजनाच्या नव्हत्या. पहिलीच्या पोटात दोन दडल्या होत्या.

यातून सुटायची युक्ती सोपी आहे. एक नाणं रुपयाचं घ्या, दुसरं दोन रुपयांचं. आता यादी करा. दोन्हींवर छापा, रुपयावर छापा आणि दोनवर काटा, रुपयावर काटा आणि दोनवर छापा, दोन्हींवर काटा. शक्यता चार झाल्या. ‘एक छापा’ दोन वाटांनी येतो, म्हणून तो दुप्पट वेळा येतो. नाणी हुबेहूब सारखी असली म्हणून ती एक होत नाहीत, आपल्याला ओळखू येत नाहीत एवढंच.

तरी पटत नसेल तर वाद घालण्यापेक्षा फेकून बघावं. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने नाण्यांची जोडी २५ वेळा फेकली की १००० फेकी होतात. एक-चतुर्थांश खरं असेल तर दोन छापे २५० वेळा यायला हवेत, एक-तृतीयांश खरं असेल तर ३३३ वेळा. नेमके २५० येणार नाहीत, थोडं इकडेतिकडे होणारच. किती इकडेतिकडे, तेही काढता येतं. १००० ला पावने आणि पाऊणने गुणून वर्गमूळ घेतलं की साधारण १३.७ येतं. अकरावीत भेटणारं प्रमाण विचलन ते हेच. त्याच्या दुपटीइतकी जागा दोन्ही बाजूंना सोडली तर असे शंभर वर्ग मिळून केलेल्या शंभर प्रयोगांपैकी सुमारे ९५ प्रयोगांत आकडा २२३ ते २७७ च्या दरम्यान पडेल. ३३३ त्या कुंपणाच्या फार बाहेर राहतो. पाचव्या प्रकरणातला दावा असा सहाव्या प्रकरणाच्या वाटेने जाऊन तपासता येतो, हे पुस्तकात ठळक सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फाशांची अशीच एक शंका गॅलिलिओपर्यंत गेली होती. तीन फासे टाकल्यावर बेरीज ९ सहा प्रकारे येते आणि १० ही सहाच प्रकारे. मग जुगाऱ्यांना १० जरा जास्त वेळा पडताना का दिसतात? गॅलिलिओने एकूण २१६ निष्पत्ती मांडून दाखवल्या. त्यांपैकी ९ च्या वाट्याला २५ येतात आणि १० च्या वाट्याला २७. ३-३-३ एकाच क्रमाने पडू शकतं, ३-३-४ तीन क्रमांनी. फरक शंभरात एकाहूनही कमी, पण रोज खेळणाऱ्यांच्या नजरेला तो आला होता. जुगाऱ्याचं निरीक्षण बरोबर होतं, मोजणी चुकली होती.

आपल्याकडे फासे आणि मोजणी यांची सांगड त्याहून कितीतरी जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा येते. बाहुक नावाने सारथी झालेला नल ऋतुपर्ण राजाला घेऊन रथ हाकत असतो. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं. राजा नुसता बघून सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नल रथ थांबवून झाड तोडतो, फळं मोजतो, आकडा तंतोतंत जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकवतो. दोन फांद्यांवर पाच कोटी पानं हे जरा जास्तच झालं, पण झाड न मोजता अंदाज बांधणं आणि फासे ओळखणं या दोन विद्या कथाकाराने एकाच माणसाकडे दिल्या आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. शिवाय त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत.

भिवंडीच्या परिसरात फाशांपेक्षा मटक्याचं नाव जास्त ऐकू येतं, तेव्हा तेही गणित सोडवून टाकू. मुंबईतला हा आकड्यांचा जुगार मुळात कापसाचा. न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजचे उघडते आणि बंद भाव मुंबईला कळत, त्यांच्यावर पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे इथेच काढायला सुरुवात केली. कल्याण मटका शेजारच्या कल्याण शहराचा नाही, कल्याणजींचा आहे. मडक्यातल्या चिठ्ठ्यांच्या जागी पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक तो आजचा आकडा.

आता प्रश्न असा की ० ते ९ यांतला प्रत्येक आकडा येण्याची संभाव्यता सारखी आहे का? दोन फाशांच्या बेरजेत ७ जास्त पडतात, मग इथेही एखादा लाडका आकडा असेल, असं वाटणं साहजिक आहे. पाहू. ० ते ९ मधून तीन वेगळे अंक निवडायचे १२० प्रकार आहेत. त्यातला १-२-३ घ्या. बेरीज ६. प्रत्येक अंक एकाने पुढे सरकवा, म्हणजे २-३-४, बेरीज ९. पुन्हा सरकवा, ३-४-५, बेरीज १२, शेवटचा अंक २. प्रत्येक वेळी बेरजेत तीनची भर पडते. ९ नंतर पुन्हा शून्यावर येत असं फिरत राहिलं, तर शेवटचे अंक ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०, ३ असे येतात आणि अकराव्या पावलाला आपण परत १-२-३ वर. दहा पावलांत दहाही आकडे, प्रत्येकी एकदा. १२० त्रिकुटांच्या अशा बारा फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक आकड्याच्या वाट्याला नेमकी बारा त्रिकुटं येतात. पत्ता दोनदा किंवा तीनदा सारखा आला तरी हाच सरकवण्याचा हिशेब लागू पडतो. लाडका आकडा कुणीच नाही, संभाव्यता प्रत्येकी एक-दशांश.

सोडत प्रामाणिक असेल, तर. ती खात्री कुणी दिली होती हा प्रश्न निराळा.

एकेरी आकड्याचा ठरलेला भाव रुपयाला नऊ. हजार वेळा एकेक रुपया लावला तर सरासरी शंभर वेळा लागेल, नऊशे रुपये हातात येतील आणि शंभर गेलेले असतील. दोन आकड्यांची जोडी लागली तर नव्वद मिळतात, म्हणून ती मोठी वाटते. जोडी लागण्याची संभाव्यता शंभरात एक. पुन्हा रुपयाला दहा पैसे तोटाच. अपेक्षित मूल्य या धड्याला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आणि जुन्या निकालांचे तक्ते समोर धरून ‘सात बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ असं मानणाऱ्याला एवढंच सांगायचं, की पत्त्यांच्या जोडाला काल काय निघालं ते ठाऊक नसतं. प्रत्येक सोडतीचा छेद नव्याने सुरू होतो.

कापसावरून मागाकडे येऊ, कारण संभाव्यतेचा गुणाकार कुठे चालतो आणि कुठे चालत नाही ते मागावर फार स्वच्छ दिसतं. समजा एक कामगार चार माग सांभाळतो. धागा तुटतो, बाणा संपतो, माग थांबतो. प्रत्येक माग सरासरी दहातला एक भाग वेळ बंद असतो असं धरू. कामगार एका वेळी एकाच मागावर हात चालवू शकतो. मग दोन किंवा जास्त माग एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता किती? सरळ मोजायला गेलं तर दोन बंद, तीन बंद, चार बंद अशा तीन वाटा हिशेबात धराव्या लागतात. उलट बाजूने गेलं की काम हलकं होतं. एकही बंद नाही, याची संभाव्यता ०.९ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे ०.६५६१. नेमका एक बंद, याची चार गुणिले ०.१ गुणिले ०.९ चा तीन वेळा गुणाकार, म्हणजे ०.२९१६. दोन्हींची बेरीज एकातून वजा केली की ०.०५२३ उरतात. शंभरात सुमारे पाच. चार माग सांभाळणं झेपण्यासारखं का असतं आणि आणखी चार वाढवले की का दमछाक होते, याचा अंदाज हाच हिशेब आठ मागांसाठी केला की येतो. तिथे उत्तर शंभरात जवळपास १९ येतं. माग दुप्पट झाले, पण अडचण साडेतीनपट.

याच पद्धतीने चारही माग एकदम बंद असण्याची संभाव्यता काढा. ०.१ चा चार वेळा गुणाकार, दहा हजारांत एक. आता हे उत्तर मागावर काम केलेल्या माणसाला सांगून बघा. तो हसेल. वीज गेली की चारही माग एका क्षणी थांबतात, आणि भिवंडीने भारनियमनाचे दिवस भरपूर पाहिले आहेत. गुणाकार चुकला नाही, त्यामागचं गृहीत चुकलं. घटना स्वतंत्र असतील तरच संभाव्यतांचा गुणाकार करता येतो. एका तारेवर चालणारे माग धागा तुटण्याच्या बाबतीत स्वतंत्र असतात, वीज जाण्याच्या बाबतीत नसतात. परीक्षेत ‘स्वतंत्र घटना’ हा शब्द प्रश्नातच दिलेला असतो. कारखान्यात तो कुणी देत नाही, आपणच ठरवायचा असतो.

माग किती वेळ बंद असतो हे कळायचं कसं? प्रत्येक मागाशेजारी घड्याळ घेऊन माणूस उभा करणं परवडणार नाही. यावर मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या कापूससंशोधन संस्थेतल्या लेनर्ड टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात उपाय काढला. दिवसातल्या वेगवेगळ्या, आधी न ठरवलेल्या क्षणी मागखात्यातून फेरी मारायची आणि प्रत्येक मागाकडे एक नजर टाकून फक्त ‘चालू’ की ‘बंद’ एवढं टिपायचं. भिवंडीतल्या एखाद्या मुकादमाने अशा ४०० नोंदी केल्या आणि त्यातल्या ६० ‘बंद’ निघाल्या, तर बंद वेळेचा अंदाज १५ टक्के. तो कितपत भरवशाचा? ०.१५ गुणिले ०.८५ भागिले ४००, त्याचं वर्गमूळ, दुप्पट करा. साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे खरा आकडा बहुधा ११ ते १९ टक्क्यांच्या आत. चौपट नोंदी केल्या तर ही रुंदी निम्मी होते. अट एकच. फेरी रोज चहाच्या सुट्टीत मारली तर चार हजार नोंदीही कुचकामी. छेदात दिवसातले सगळे क्षण हवेत, मुकादमाच्या सोयीचे नव्हेत.

हेच टिपेट यादृच्छिक अंकांचं पहिलं मोठं कोष्टक छापणारे. १९२७ साली त्यांनी जनगणनेच्या अहवालांतून ४१,६०० अंक उचलून मांडले, म्हणजे नमुना निवडताना माणसाच्या मर्जीला वाव राहू नये. त्यांच्याच पुस्तकातली मागांवरच्या ताण्याच्या धागातुटीची ५४ निरीक्षणं आज ‘आर’ या संगणक-प्रणालीत ‘वॉर्पब्रेक्स’ नावाने सरावासाठी दिलेली असतात. कधी माग न पाहिलेले जगभरचे विद्यार्थी धागा किती वेळा तुटला यावर सांख्यिकी शिकतात. माग ज्यांच्या दाराशी आहेत त्या आपल्या मुलांना मात्र आपण पिशवीतले लाल-हिरवे चेंडू देतो.

आता छेद बदलल्यावर उत्तर कसं उलटतं त्याचं एक उदाहरण, जरा सावकाश. समजा गोदामात १००० ताके आले. त्यातले ५० सदोष आहेत, ९५० चांगले. कापड तपासणारा हुशार आहे. सदोष ताका समोर आला तर शंभरातल्या नव्वद वेळा पकडतो. चांगला ताका मात्र शंभरातल्या दहा वेळा उगाच बाजूला काढतो. त्याने एक ताका बाजूला काढला. तो खरोखर सदोष असण्याची संभाव्यता किती?

पटकन तोंडावर येतं, नव्वद टक्के. आता मोजा. ५० सदोषांपैकी त्याने ४५ पकडले. ९५० चांगल्यांपैकी ९५ चुकून बाजूला काढले. बाजूच्या ढिगात एकूण १४० ताके. त्यातले खरे सदोष ४५. म्हणजे १४० पैकी ४५, शंभरात सुमारे ३२. ढिगातले दोन-तृतीयांशाहून जास्त ताके निर्दोष आहेत. तपासणारा तोच, त्याची हुशारी तीच. ‘सदोष ताक्यांपैकी किती पकडले’ आणि ‘पकडलेल्यांपैकी किती सदोष’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. अंश दोन्हींत ४५ च आहे, छेद एकदा ५० आणि एकदा १४०. पुढच्या वर्गात हे बेजच्या सूत्राच्या रूपात येतं आणि मुलं ते पाठ करतात. माझं मत असं, की सूत्राआधी हजार ताके मांडून चार ढीग करायला लावावेत. ज्याने एकदा ढीग मोजले, त्याला सूत्र विसरलं तरी चालतं. रक्ततपासणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला तर घाबरायचं किती, याचं गणितही याच ढिगांचं. दुर्मीळ आजारात चांगल्या तपासणीचेही बरेच ‘पॉझिटिव्ह’ खोटे निघतात, कारण निरोगी माणसांचा ढीगच प्रचंड असतो.

सांख्यिकीकडे येताना पूल पुन्हा पार करू. समजा पाच दिवसांत कशेळीचा पूल ओलांडायला १२, १४, १३, १५ आणि ७६ मिनिटं लागली. शेवटच्या दिवशी कंटेनर आडवा झाला होता. मध्य २६ मिनिटं, मध्यक १४. पाचपैकी एकाही दिवशी २६ च्या आसपास वेळ लागलेला नाही, तरी मध्य २६ च. मग मध्य खोटा का? नाही. महिन्याचं डिझेल किती जळेल हे ट्रकमालकाला काढायचं असेल तर मध्यच हवा, कारण त्याला एकूण बेरजेशी काम आहे, आडव्या कंटेनरचा दिवसही त्याच्याच खिशातून जातो. रोजच्यासारखा दिवस असेल तर किती वेळ लागेल, असं विचारणाऱ्याला मध्यक सांगावा. आणि ज्याला ठाण्याला परीक्षेची वेळ गाठायची आहे त्याला दोन्ही उपयोगाचे नाहीत. त्याने वाईट दिवस धरून निघावं.

वर्गीकृत सामग्रीतल्या मध्यकाचं सूत्र पाहून मुलं बिचकतात, त्यात अक्षरं फार आहेत म्हणून. सूत्र बाजूला ठेवा. समजा १०० ट्रक रिकामे करायला लागलेल्या वेळांपैकी १८ ट्रक २० मिनिटांच्या आत, ३० ट्रक २० ते ४० मिनिटांत, २६ ट्रक ४० ते ६० मिनिटांत आणि बाकीचे त्यापुढे. पन्नासावा ट्रक शोधायचा आहे. ४० मिनिटांपर्यंत ४८ झाले. आणखी दोन हवेत, आणि पुढच्या २० मिनिटांत २६ ट्रक पसरले आहेत. ते सारख्या अंतराने पसरले आहेत असं धरलं, तर २० मिनिटांचा दोन-सव्विसांश भाग, म्हणजे साधारण दीड मिनिट. मध्यक साडेएकेचाळीस मिनिटं. सूत्रात लिहिलंय ते एवढंच.

मध्याविषयीचा सर्वांत मोलाचा वाद महाराष्ट्रातच झाला आहे आणि तो दहावीच्या मुलाला समजेल असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातलं मोठं नाव. शेतातले काही तुकडे यादृच्छिक निवडून, तेवढंच पीक कापून मोजून सगळ्या जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीवर त्यांनी पायाभूत काम केलं. पुढे १९५१ पासून वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्राचं काम पाहत होते. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. त्यात माणशी रोज २२५० उष्मांकांची कसोटी धरली होती. तेवढं अन्न मिळण्याइतका खर्च ज्यांना करता येत नाही ते गरीब. सुखात्म्यांनी हरकत घेतली. २२५० ही सरासरी गरज आहे. माणसागणिक गरज वेगळी, आणि एकाच माणसाचीही रोज वेगळी. सरासरीला रेघ मारली तर धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या लोकांतलेही जवळपास निम्मे त्या रेघेखाली येतील. रेघ सरासरीपासून विचलन वजा करून खाली ओढली पाहिजे. दांडेकरांना ते मान्य नव्हतं.

सुखात्म्यांचा मुद्दा शास्त्र म्हणून चोख होता. वर्गाच्या सरासरीपेक्षा कमी गुण म्हणजे नापास नव्हे, तसंच. पण मला तो एका माणसाला लागू पडतो तितका हजार माणसांच्या गटाला लागू पडताना दिसत नाही. एखाद्याची गरजच कमी असेल. हजार गरीब घरांतल्या सगळ्यांचीच गरज कशी कमी असेल? व्यक्तीव्यक्तीतले चढउतार गटात एकमेकांना खाऊन टाकतात. तेव्हा गटाची सरासरी खाली असेल तर ती अन्नच कमी पडल्याने, असं मानायला जागा उरते. कुठला छेद धरायचा, एक माणूस की एक गट, यावर देशातले कोट्यवधी लोक रेघेच्या अलीकडे की पलीकडे ते ठरत होतं.

घरात दहावीचं मूल असेल तर त्याच्यासाठी एक गणित ठेवून थांबतो. वर्गात ४० मुलं आहेत. निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता किती? आधी सगळ्यांनी मनातला आकडा कागदावर लिहावा. मग थेट मागे लागू नका, मागांच्या वेळी केलं तसं उलट बाजूने जा. कुणाचाही वाढदिवस कुणाशी जुळत नाही, याची संभाव्यता काढा. पहिल्याला ३६५ तारखा मोकळ्या, दुसऱ्याला ३६४, तिसऱ्याला ३६३, असं चाळिसाव्याला ३२६ पर्यंत. प्रत्येकाला ३६५ ने भागा, सगळे गुणा, एकातून वजा करा. उत्तर शंभरात ८९ च्या आसपास यायला हवं. ते अंगावर आलं, तर ४० मुलांत जोड्या किती होतात ते मोजा. ७८० होतात. मग वर्गातल्या जन्मतारखा गोळा करून पडताळा घ्या. आणि तुमच्या वर्गात एकही जोडी निघाली नाही तर गणिताला नावं ठेवू नका, शंभरातल्या उरलेल्या अकरा वर्गांपैकी तो एक आहे.